जास्तीची सही

"देशासाठी लढलेल्या माणसाची सही म्हणजे देवाच्या पादुका," असं टिपरेमामा म्हणाले आणि त्यांनी कपाटातून पांढऱ्या हातमोज्यांचे दोन जोड काढले. एक स्वतः घातला, एक मला दिला. माझे वडील खरोखरच देशासाठी लढले होते. त्यांना मामा म्हणाले, "तुम्ही मात्र जरा लांबूनच बघा हं, आप्पा. या वयात हाताला घाम सुटतो. कागद खराब होतो."

आप्पा हात मागे बांधून उभे राहिले.

टिपरेमामा म्हणजे माझ्या बायकोचे, आसावरीचे, सख्खे मामा. चिंचवडला त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता आणि सहकारनगरच्या बंगल्यात एक खोली केवळ लढाऊ विमानांच्या चित्रांसाठी होती. ही चित्रं म्हणजे मर्यादित आवृत्तीच्या छापील प्रती. खाली समासात चित्रकाराची पेन्सिलीनं केलेली सही, आणि तिच्या शेजारी, नशीब असेल तर, ते विमान युद्धात प्रत्यक्ष उडवलेल्या पायलटची. सही पेन्सिलीनंच हवी. शाईची सही छापता येते, पेन्सिलीची येत नाही, असं या लोकांचं शास्त्र आहे.

खोलीत वातानुकूलन होतं, पडदे ओढलेले होते आणि भिंतीवर एकही चित्र नव्हतं. उजेडानं रंग उडतात म्हणून सगळी चित्रं रुंद ड्रॉवरांत आडवी ठेवलेली. मामींनी त्यांतलं एकही पुरतं पाहिलं नव्हतं. मामांसारखेच आणखी तिघे पुण्यात होते: एक दंतवैद्य, एक बिल्डर आणि एक ऑडिटर. चौघे महिन्यातून एकदा भेटत आणि एकमेकांचे ड्रॉवर बघत. विमानाशी त्यांचा संबंध खिडकीजवळच्या सीटपुरता होता. सही मिळाल्यावर पायलटनं फार दिवस जगू नये, म्हणजे सहीची किंमत वाढते, असं त्यांच्यातलं कोणी कधी बोललं नाही. ते फक्त नियमितपणे पायलटांच्या तब्येतीची चौकशी करत.

आमच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी मामांनी आप्पांना विचारलं होतं, "एअर फोर्समध्ये म्हणजे पायलट का?"

"नाही, नेव्हिगेटर."

"अच्छा," मामा म्हणाले होते आणि जिलेबीकडे वळले होते.

हे 'अच्छा' आप्पांनी जन्मभर ऐकलं होतं. शाळेच्या समारंभात, सोसायटीच्या सभेत, शेजारच्या पोरांकडून. पायलट नाही म्हटल्यावर माणसांचा चेहरा कसा होतो हे त्यांना पाठ होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आणि त्या 'अच्छा'नंतर सहा वर्षांनी मामांनी आप्पांना मुद्दाम चहाला बोलावलं होतं.

मामांनी ड्रॉवर ओढला आणि वरचा पातळ कागद बाजूला केला. एकाहत्तरच्या युद्धातलं कॅनबेरा बॉम्बर. खाली पेटलेलं रेल्वेचं यार्ड, वर लालभडक आभाळ, आणि दोन्हींच्या मधून तिरकं झेपावणारं ते विमान.

"विंग कमांडर घारपुरे," मामा हळू आवाजात म्हणाले. "त्यांचा तो सुप्रसिद्ध हल्ला. या आवृत्तीच्या एकाही प्रतीवर त्यांची सही नाही. चित्रकार स्वतः देवळालीला गेला होता, त्याला दारातून परत पाठवला. एकाही प्रतीवर नाही! आणि मला परवा आसावरीच्या आईकडून कळतं काय, तर आपले आप्पा त्यांचे..."

"नेव्हिगेटर," आप्पा म्हणाले.

"तेच ते."

आप्पा वाकून चित्र बघत होते. मग त्यांनी मामांकडे भिंग मागितलं. वरच्या फुगीर काचेत पायलटचं शिरस्त्राण दिसत होतं, त्याखाली चित्रकारानं हौसेनं एक मिशीही काढली होती.

"गॅरीसरांना मिशी नव्हती," आप्पा म्हणाले. गॅरी म्हणजे घारपुरे. मग भिंग विमानाच्या नाकावर आलं. तिथं पुढच्या टोकाला आणखी एक काच होती आणि तिच्यावर आभाळाचा लाल रंग चमकत होता. आप्पा बराच वेळ तिथंच थांबले.

"काय बघताय?" मी विचारलं.

"इथं मी असतो. पालथा पडून. खाली बघत." त्यांनी भिंग जरा वर घेतलं, परत खाली आणलं. "आत कोणी नाहीये."

"प्रतिबिंब आहे ते, आप्पा," मामा म्हणाले. "काचेवर उजेड पडला की आतलं दिसत नाही. चित्रकार फार अभ्यासू माणूस आहे."

"असेल. रात्र होती, पण असेल."

चहा झाला, चिवडा झाला. मग मामांनी मुद्दा मांडला: आप्पांनी एक फोन करावा, शब्द टाकावा, आणि देवळालीला सोबत यावं. गाडी मामांची.

आप्पांनी कपातला चहा संपवला. "गॅरीसर नाही म्हणतील," ते म्हणाले. "पण भेट होईल."

फोन त्यांनी घरी येऊन केला. आम्ही समोर बसलो होतो. "सर, आंबी बोलतोय," इतकं म्हणून आप्पा, म्हणजे आंबर्डेकर, ताठ उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच होते. पलीकडून बोलणं चाललं होतं. आप्पा 'हो सर' आणि 'नाही सर' म्हणत होते. मधे एकदम म्हणाले, "माझी? माझी कशाला, सर?" फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

"काय म्हणाले?" आसावरीनं विचारलं.

"सही करतो म्हणाले."

"अरे वा!"

"मी शेजारी केली तर."

आसावरीनं लगेच मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "करू देत की! उत्तमच! दोन सह्या!" आनंदाच्या भरात त्यांनी नेव्हिगेटर हा शब्दही न अडखळता उच्चारला.

त्यानंतरच्या दिवसांत आप्पांचं वर्तमानपत्र वाचायला मिळेनासं झालं. सगळ्या कडा सह्यांनी भरलेल्या असत. काही महिन्यांपूर्वी सही जुळत नाही म्हणून बँकेतल्या मुलीनं त्यांचा अंगठा घेतला होता. घरी येऊन त्यांनी तो साबणानं तीनदा धुतला होता आणि त्यावर चकार शब्द काढला नव्हता. आता ते सकाळ-संध्याकाळ स. वि. आंबर्डेकर, स. वि. आंबर्डेकर असं गिरवत बसत. "ह्यातली कुठली बरी?" असं आसावरीला विचारत. तीही चष्मा लावून निवड करी. "ही. हिच्यात 'र' पळून जात नाही."

"'र' सांभाळायला पाहिजे," ते गंभीरपणे म्हणत.

देवळालीला घारपुऱ्यांचा छोटा बंगला होता. दार त्यांनी स्वतः उघडलं. उंच, वाळलेला, नाकात प्राणवायूची नळी. आप्पांनी खाडकन सलाम केला. घारपुऱ्यांनी तो घेतला आणि मग दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून नुसते उभे राहिले.

"जाड झालास, आंबी. आता विमानाच्या नाकात मावायचा नाहीस."

"तुम्ही अर्धे झालात, सर."

"डॉक्टर मला अर्धंच करून वर पाठवणारेत." त्यांची नजर मामांच्या हातातल्या मोठ्या चपट्या खोक्याकडे गेली. "हे सहीवाले?"

"मी टिपरे, सर. आपला भक्त."

"काय करता?"

"पॅकेजिंगमध्ये आहे. खोकी."

"म्हणजे आत काय आहे त्याच्याशी तुमचा संबंध नाही."

मामा मनापासून हसले. स्तुती आहे असं त्यांना वाटलं असावं.

जेवणाच्या टेबलावर चित्र मांडलं गेलं. घारपुऱ्यांनी ते एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मामांनी लाकडी पेटीतून टोक केलेल्या पेन्सिली काढल्या आणि मोबाइल वर केला.

"फोटो नको," घारपुरे म्हणाले.

"सर, एकच. पुरावा म्हणून."

"पुरावा हवा असेल तर घरी जा." मामांनी मोबाइल खिशात घातला. "आंबी, बस. तू आधी."

"सर, असं कसं? तुम्ही आधी."

"आंबी, कुठं जायचं ते कोण सांगायचं?"

"मी, सर."

"मग?"

आप्पा बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी दोन्ही हात पुसले. सही केली. हात हलला नाही, 'र' पळाला नाही. घारपुऱ्यांनी चष्मा लावून ती वाचली, मान हलवली, आणि तिला लागून उजवीकडे आपली सही केली. मग पेन्सिल टेबलावर टाकून ते म्हणाले, "झालं. चाळीस वर्षं हे नको होतं मला. ह्याच्याबरोबर असेल तर चालेल."

परतताना गाडीत मामांनी खोकं मांडीवर घेतलं होतं. सिन्नर मागे पडल्यावर ते म्हणाले, "फारच जवळ केली हो सही आप्पांनी."

आप्पा झोपले होते.

पुढच्या हिवाळ्यात घारपुरे गेले. बातमी मामांनीच फोन करून दिली. आवाज जड होता, पण त्या जडपणात एक टवटवी होती. दोन महिन्यांत त्यांनी डेक्कनवरचा एक हॉल घेतला आणि संग्रहाचं प्रदर्शन जाहीर केलं. पहिल्यांदाच चित्रं ड्रॉवरांतून बाहेर येणार होती.

आप्पांनी ब्लेझर इस्त्रीला टाकला. सकाळच्या फिरण्यातल्या चार मित्रांना त्यांनी बोलावलं, आपणहून. आप्पांनी कोणाला काही दाखवायला बोलावल्याचं मला तरी आठवत नव्हतं. त्यांतले कुलकर्णी नावाचे गृहस्थ सबंध वाटभर विचारत होते, "म्हणजे चित्रावर तुझं नाव आहे? छापलेलं?"

"छापलेलं नाही. सही आहे."

"तू पायलट होतास हे बोलला नाहीस कधी."

"नव्हतोच. तिथं गेलो की दाखवतो."

हॉलमध्ये गर्दी होती. कॅनबेरा मधोमध, वेगळ्या दिव्याखाली. आप्पा मित्रांना घेऊन थेट तिथं गेले आणि बोट पुढे करून म्हणाले, "हे बघा, इथं..."

बोट काचेपाशी थांबलं. उजवीकडे घारपुऱ्यांची सही होती. तिच्या डावीकडे कोरा समास होता.

"कुठं?" कुलकर्णी म्हणाले.

आप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तेवढ्यात मामा आले, सिल्कचा झब्बा, हातात पेढ्यांचा पुडा.

"आप्पा! या या! कसं वाटतं? सगळे तिथंच थांबतायत. दंतवैद्य तर जेवलेला नाही दोन दिवस!"

"मामा," मी म्हटलं, "आप्पांची सही?"

"ती होय?" मामांना खरोखरच आठवावं लागलं. "ती काढून घेतली. अरे, ऑडिटर म्हणाला ही जास्तीची सही कोणाची? पायलटनं सही केलेली प्रत हा प्रकार असतो. नेव्हिगेटरची सही असा काही प्रकारच नाही. मग तो डाग धरतात. प्रत बाद! मुंबईचा एक माणूस आहे, जुने कागद दुरुस्त करतो, त्याच्याकडून करून घेतलं." ते आप्पांकडे वळले. आवाजात कौतुक होतं. "जवळून बघा, आप्पा. काही पत्ता लागतो का? काय हात आहे त्याचा!"

आप्पांनी जवळून पाहिलं.

"छान काढलीय," ते म्हणाले.

मामांनी सगळ्यांना पेढे दिले. कुलकर्ण्यांना त्या गर्दीत यातलं काही नीट ऐकू गेलं नव्हतं; त्यांनी पेढा खाल्ला, आप्पांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "असू दे रे. होतं असं या वयात." बाकीच्या तिघांनी चित्राची स्तुती केली. आप्पा त्यांना रिक्षापर्यंत पोचवून आले.

घरी जाताना गाडीत मी बोलत होतो. मामांविषयी बरंच काही बोललो. आसावरी माझ्यापेक्षा जास्त बोलली, शेवटी सख्खे मामा तिचे होते. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला ते म्हणाले, "गॅरीसरांना वाईट वाटलं असतं."

"तुम्हाला नाही वाटलं?"

आप्पा म्हणाले, "त्या विमानात पायलटला उडणारी सीट असायची. दांडी ओढली की सीटसकट बाहेर. नेव्हिगेटरला नसायची. आपण सरपटत मागे जायचं, दार उघडायचं आणि उडी मारायची."

"म्हणजे?"

"त्या रात्री यार्डावर आम्हाला लागलं. इंजिन पेटलं. सर म्हणाले, आंबी, उडी मार. मी दाराशी गेलो. दार वाकलं होतं, उघडेना. मी तसं सांगितलं."

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते.

"मग?"

"मग कानात काहीच नाही. सर गप्प. हात दांडीवर असणार, नियमच तो. घड्याळ बघणं हे माझंच काम, पण तेव्हा बघितलं नाही. मग म्हणाले, आंबी, हेडिंग दे. कुठल्या दिशेनं जायचं ते. मी दिलं. आलो परत."

"हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"त्यांना पदक मिळालं. मिळायलाच हवं होतं, माझ्यासाठी बसून राहिले. पण त्यांना वाटायचं, तेवढंसुद्धा गप्प बसायला नको होतं. म्हणून सही करायचे नाहीत." मग म्हणाले, "मी शेजारी आहे म्हटल्यावर केली."

आसावरीनं खिडकीकडे तोंड वळवलं.

वर्षभर मामांकडे आमचं जाणंयेणं बंद होतं. मग एका रविवारी सकाळी ते स्वतः आले, ते चपटं खोकं घेऊन. चेहरा उतरलेला होता. चित्र त्यांनी एका मोठ्या लिलावासाठी दिल्लीला पाठवलं होतं. तिथल्या तज्ज्ञानं ते परत केलं. घारपुरे कधीच सही करत नसत हे जगजाहीर होतं. या एकाच प्रतीवर कशी बरी केली? शिवाय विशिष्ट दिव्याखाली सहीच्या शेजारी काहीतरी खोडल्याचं दिसत होतं. शेरा मारला होता: सही संशयास्पद.

"खोटी! माझ्याकडची वस्तू खोटी!" मामा म्हणाले. "दंतवैद्य फोन उचलत नाही माझा. मी त्या तज्ज्ञाला सांगितलं, साक्षीदार आहेत. तो म्हणतो, नातेवाईक चालत नाहीत. मग काय चालतं, विचारलं. तर म्हणतो, शेजारी त्यांच्या नेव्हिगेटरची सही असती तर प्रश्नच नव्हता."

आप्पांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"मामा," आसावरी म्हणाली, "खोडताना हात नाही थरथरला?"

"मी कुठं खोडली, बाई? मुंबईच्या माणसानं खोडली."

"आणि आता ती परत आणा म्हणायला आलात?"

"आप्पांना दोन मिनिटांचं काम आहे गं." ते आप्पांकडे वळले. डोळे खरंच भरले होते. "आप्पा, चूक झाली. पण तुमच्या सरांची सही खोटी म्हणतायत हो लोक."

मला वाटत होतं, आप्पांनी आता उठावं आणि दार दाखवावं. एकदा तरी. आसावरी दाराकडे बघत होती, जणू ते तीच उघडणार होती.

"सरांची सही खरी आहे," आप्पा म्हणाले. "पेन्सिल आणलीय?"

"आप्पा!" मी म्हटलं.

"अरे, ती माझीच जागा आहे."

टेबल पुसलं. मामांनी चित्र मांडलं, पेन्सिल दिली. आप्पांनी रुमालाला हात पुसले आणि घारपुऱ्यांच्या डावीकडे, होती तिथंच, सही केली. हात स्थिर होता. पेन्सिल कागदावरून शेवटच्या 'र'पर्यंत नीट गेली.

कागदावर काही उमटलं नाही.

त्यांनी टोक पाहिलं. वर्तमानपत्राच्या कडेवर ओढून पाहिलं, तिथं काळी रेघ आली. पुन्हा सही केली. पेन्सिल काचेवरून जावी तशी गेली.

"जरा दाबून, आप्पा," मामा म्हणाले.

"दाबलं तर फाटेल."

"मग थोडी खाली करा."

"खाली केली तर खोडलेलं दिसतं ना तुमचं?"

मामांनी मुंबईच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो सुट्टीच्या दिवशीही अतिशय नम्रपणे बोलला. सही कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यानं कागद आधी रबरानं घासला होता आणि मग हाडाच्या पट्टीनं घोटून गुळगुळीत केला होता, असं त्यानं सांगितलं. इतक्या घोटलेल्या कागदावर पेन्सिल धरत नाही. शाईनं करता येईल, पण शाईची सही कोणी धरत नाही.